व्हिडिओ वॉलवर माहिती मांडताना: आधी पावलं मोजा, मग पिक्सेल

कंट्रोल रूममध्ये भिंतभर स्क्रीन बसवल्या जातात आणि त्यांवर लॅपटॉपवरचाच डॅशबोर्ड ताणून लावला जातो. नऊ चौकोन, तीन गोल आलेख आणि मधोमध एक भला मोठा आकडा. काही ठिकाणी चूक याच्या उलट असते. पिक्सेल भरपूर आहेत म्हणून इतकं बारीक भरतात की खुर्चीतल्या माणसाला काहीच वाचता येत नाही. दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे: माणूस कुठे उभा राहणार हे कुणी मोजलेलंच नसतं.

पुढे कामाचा क्रम दिला आहे. तो बदलू नका, कारण प्रत्येक टप्प्याचं उत्तर पुढच्या टप्प्यात वापरायचं आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेतो. 55 इंची पॅनेल, आडवी चार आणि उभी तीन. प्रत्येक पॅनेल 1920 × 1080, म्हणजे अख्खी भिंत 7680 × 3240, सुमारे अडीच कोटी पिक्सेल. रुंदी 4.84 मीटर, उंची 2.04 मीटर. तिच्यावर दाखवायचाय महाराष्ट्रातल्या 358 तालुक्यांचा 1 जून ते 30 सप्टेंबर असा 122 दिवसांचा रोजचा पाऊस: एकूण 43,676 आकडे. लॅपटॉपवर हे सगळं एका नजरेत वाचण्याजोगं बसत नाही, भिंतीवर बसतं.

## 1. खोली मोजा

टेप घेऊन खोलीत जा आणि या गोष्टी लिहून आणा:

- भिंतीची खालची कड जमिनीपासून किती वर आहे
- पहिल्या आणि शेवटच्या रांगेतली खुर्ची भिंतीपासून किती लांब आहे
- भिंतीच्या अगदी जवळ जाता येतं का, की मध्ये टेबल आहे
- उजेड कुठून येतो, संध्याकाळी खिडकीचा झोत कुठल्या पॅनेलवर पडतो

यातून तीन अंतरं ठरवा. आपल्या उदाहरणात बोट ठेवून वाचणारा 1 मीटरवर, टेबलावर बसलेला 4 मीटरवर आणि दारातून आत येणारा 6 मीटरवर आहे. जमिनीवर या तीन ठिकाणी रंगीत टेप चिकटवा. पुढच्या सगळ्या चाचण्या त्याच टेपवर उभं राहून करायच्या आहेत.

भिंतीजवळ जाताच येत नसेल तर बारीक तपशील दाखवण्याचा बेत इथेच सोडून द्या.

## 2. पिक्सेल खरे आहेत का ते पाहा

पुष्कळदा भिंतीला संगणकाकडून एकच 3840 × 2160 चा सिग्नल जातो आणि वॉल कंट्रोलर तो ताणून बारा पॅनेलवर पसरवतो. तेव्हा कागदावर अडीच कोटी पिक्सेल असतात, डोळ्यांसमोर मात्र त्याच्या एक तृतीयांश. शिवाय भिंतीचं रुंदी-उंचीचं प्रमाण वेगळं असल्यामुळे वर्तुळं लांबट होतात.

तपासणी: एक पिक्सेल काळा, एक पिक्सेल पांढरा अशा उभ्या रेघांचं चित्र 7680 × 3240 मापात बनवा आणि भिंतीवर लावा. हातभर अंतरावरून रेघा सुट्या दिसल्या पाहिजेत. करडा गिलावा दिसला किंवा लाटांसारखे पट्टे उमटले, तर वाटेत कुठेतरी ताणाताण चालली आहे. कंट्रोलर, ऑपरेटिंग सिस्टीममधलं 125 किंवा 150 टक्क्यांचं स्केलिंग, ब्राउझरचा झूम आणि पॅनेलमधलं ओव्हरस्कॅन (चित्र किंचित मोठं करून कडा कापणं) या क्रमाने तपासा.

त्यानंतर निळ्या पार्श्वभूमीवर लाल बारीक अक्षरं लावून पाहा. कडा लिबलिबीत दिसल्या, तर सिग्नल 4:2:0 आहे: चार पिक्सेलना मिळून रंगाची एकच नोंद जाते. तो 4:4:4 करून घ्या, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला रंगाची स्वतःची नोंद मिळते. हे आधी केलं नाही तर पुढे फॉन्टला दोष देत बसाल.

## 3. कुठून काय दिसेल याचं गणित

चांगली नजर एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा फरक ओळखते. मिलिमीटरमधलं अंतर 3440 ने भागलं की त्या अंतरावरून सुटा दिसणारा सर्वांत लहान ठिपका मिळतो. 1 मीटरवरून तो 0.29 मिमी, 4 मीटरवरून 1.16 मिमी, 6 मीटरवरून 1.74 मिमी.

आपल्या पॅनेलचा एक पिक्सेल 0.63 मिमीचा आहे. म्हणजे साधारण 2.2 मीटरच्या पलीकडे शेजारचे दोन पिक्सेल एकमेकांत मिसळतात. टेबलावर बसलेल्या माणसासाठी एक पिक्सेलची रेघ जवळपास नाहीच. त्याला दिसायला हवी ती रेघ निदान तीन पिक्सेल जाड काढा. 1.5 मिमी पिचची (दोन पिक्सेलमधल्या अंतराची) एलईडी वॉल असेल तर हीच सीमा 5 मीटरच्या थोडी पुढे जाते. तिथे जवळ जाऊन काही वेगळं मिळत नाही.

अक्षरांसाठी वेगळा भाजक वापरा. अंतर 170 ने भागलं की आरामात वाचता येणाऱ्या अक्षराची उंची मिळते: 1 मीटरला सुमारे 6 मिमी, 4 मीटरला 24 मिमी, 6 मीटरला 35 मिमी.

टेबलावरची चाचणी: 24 इंची फुल एचडी मॉनिटरचा पिक्सेल 0.277 मिमीचा असतो. त्यावर एका पॅनेलचा भाग शंभर टक्के मापात उघडा. 60 सेंटिमीटरवरून बघितलं की भिंत 1.36 मीटरवरून दिसेल तशी दिसते. खुर्ची मागे सरकवून 1.75 मीटरवर गेलात की ती 4 मीटरवरची भिंत. आख्खी भिंत लॅपटॉपवर बारीक करून कधीच तपासू नका. आठ पिक्सेलची ओळ दोन पिक्सेलची होते, आणि मग चांगला तपशीलही निरुपयोगी वाटून काढून टाकला जातो.

## 4. आकडे आधी साफ करा

हवामान विभागाची पावसाची नोंद सकाळी 8.30 वाजता होते आणि ती आधीच्या 24 तासांची असते. स्वयंचलित केंद्राचे आकडे मध्यरात्र ते मध्यरात्र घेतले आणि दोन्ही एका रकान्यात घातले, तर अर्धे तालुके एक दिवस सरकतात. छोट्या तक्त्यात हे लपून जातं. भिंतीवर मात्र पावसाचा पट्टा मधेच तुटलेला दिसतो आणि बघणारा त्याचा भलताच अर्थ लावतो.

दुसरी गोष्ट, शून्य पाऊस आणि नोंदच नाही हे दोन वेगळे प्रकार आहेत. डेटामध्येच त्यांना वेगळी खूण द्या. रंग देताना आठवेल म्हणून सोडू नका.

## 5. मांडणी

इथे सर्वाधिक वेळ द्या. कोड लिहायला अजून हात लावायचा नाही, कागद आणि पेन्सिल पुरे.

उभ्या ओळी दिवसांच्या, आडव्या ओळी तालुक्यांच्या. चार महिने आहेत आणि पॅनेलचे स्तंभही चार, म्हणून प्रत्येक स्तंभाला एक महिना. एका दिवसाला 50 पिक्सेल दिले तर 31 दिवसांचे 1550 होतात आणि 1920 पैकी 370 पिक्सेल नावांसाठी उरतात. ही नावांची पट्टी चारही स्तंभांत पुन्हा छापा. सप्टेंबरसमोर उभ्या असलेल्या माणसाला तालुक्याचं नाव बघायला जूनपर्यंत चालत जावं लागू नये. रंगसूचीही तशीच, प्रत्येक स्तंभात एक. लॅपटॉपवर हा पुनरुक्तीचा दोष ठरेल, भिंतीवर ती गरज आहे.

आता उभी विभागणी. महसुली विभाग सहा: कोकणात 50 तालुके, पुणे 58, नाशिक 54, छत्रपती संभाजीनगर 76, अमरावती 56, नागपूर 64. पॅनेलच्या तीन ओळी आहेत, तर प्रत्येक ओळीत दोन विभाग. कोकण-पुणे 108, नाशिक-मराठवाडा 130, विदर्भ 120. सर्वांत भरगच्च ओळीवरून माप ठरवा: 130 तालुक्यांना 8 पिक्सेलप्रमाणे 1040, त्यातल्या तेरा जिल्ह्यांमध्ये 3 पिक्सेलच्या बारा फटी म्हणजे 36, एकूण 1076. 1080 मध्ये चार पिक्सेल उरतात. बाकी दोन ओळींनाही हेच माप लावा. जागा जास्त आहे म्हणून कोकणाच्या ओळी जाड केल्या, तर कोकणात पाऊस जास्त पसरल्याचा भास होतो.

एक चौकट 31.5 × 5 मिमीची झाली. 1 मीटरवरून ती सुटी दिसते. 6 मीटरवरून सुटी कळत नाही, पण पोत कळतो, आणि तोच तिथून हवा असतो. बंगालच्या उपसागरातून आलेलं कमी दाबाचं क्षेत्र अनेकदा आधी विदर्भ भिजवतं आणि मग पश्चिमेकडे सरकतं. तालुके पूर्व-पश्चिम क्रमाने लावले असतील तर तो प्रवास तिरक्या पट्ट्यासारखा दारातूनच दिसतो. नावांच्या अकारविल्हे लावले तर तोच पाऊस विखुरलेले ठिपके होतो. भिंतीवर वर्गवारीचा क्रम हाच नकाशा असतो.

पण एक अडचण आहे. भिंतीची खालची कड 60 सेंटिमीटरवर असेल, तर वरची ओळ 1.96 पासून 2.64 मीटरपर्यंत जाते. तिथलं बारीक अक्षर वाचायला मान पूर्ण वर करावी लागते. डोळ्यांच्या उंचीला येते ती मधली ओळ. म्हणून मी असं ठरवीन: खोली पुरासाठी असेल तर कोकण-पुणे मध्ये आणा आणि भौगोलिक क्रमाचं नुकसान सोसा. दुष्काळ आणि पेरणीच्या आढाव्यासाठी असेल तर पश्चिम, मध्य, पूर्व हा क्रम राहू द्या, कारण मराठवाडा आपोआप मधे येतो. दोन्ही कामांना एकच मांडणी चालवायचा आग्रह धरू नका.

> सावधान: ज्या दोन गोष्टींची तुलना करायची त्या भिंतीच्या दोन टोकांना ठेवू नका. डाव्या टोकाला 1 मीटरवर उभं राहून उजवं टोक बघितलं तर तिरकसपणामुळेच आडवी लांबी पाचव्या हिश्शाएवढी दिसते.

तपासणी: मांडणीचा एक तुकडा खऱ्या मापात ए-3 कागदावर छापा. उभ्या कागदावर 83 तालुके मावतात. तो भिंतीवर त्याच उंचीला चिकटवा आणि टेपच्या तिन्ही खुणांवर उभं राहून बघा. बहुतेक चुका इथेच दिसतात, आणि इथे त्या दुरुस्त करणं स्वस्त असतं.

## 6. अक्षरं

मोठी भिंत म्हणजे बारीक अक्षर सुबक येणार, हा समज चुकीचा आहे. 0.63 मिमी म्हणजे इंचाला सुमारे 40 पिक्सेल, साध्या मॉनिटरच्या निम्म्याहून कमी. आठ पिक्सेलच्या ओळीत देवनागरी नाव मावतच नाही. वरची वेलांटी आणि खालचा उकार यांना जागा दिली की मधल्या अक्षराचं काय उरणार?

उपाय असा. नावांचे दोन रकाने करा. विषम ओळींची नावं पहिल्यात, सम ओळींची दुसऱ्यात, म्हणजे प्रत्येक नावाला 16 पिक्सेल उंची मिळते. मात्रा वगळून ‘क’च्या वाट्याला नऊएक पिक्सेल, साधारण 5.7 मिमी. 1 मीटरवरून ते वाचता येतं. त्याहून लहान करू नका. 370 पैकी 220 पिक्सेल या दोन रकान्यांना द्या, उरलेले 150 जिल्ह्याच्या नावाला. मुंबई उपनगर जिल्ह्यात तीनच तालुके, म्हणजे उंची फक्त 24 पिक्सेल. सगळ्या जिल्ह्यांचा फॉन्ट मुंबई उपनगरला बसेल तोच ठेवा, म्हणजे एखादा जिल्हा उगाच ठळक दिसणार नाही. छत्रपती संभाजीनगर दोन ओळींत लिहा.

अक्षराचं माप नेहमी शिरोरेषेपासून पायापर्यंतचं धरा. फॉन्टचा आकडा 16 आहे म्हणून अक्षर 16 चं होत नाही. फॉन्ट निवडताना ‘त्र्यंबकेश्वर’, ‘वेंगुर्ला’, ‘आर्णी’, ‘मुक्ताईनगर’ ही नावं खऱ्या मापात लावून बघा. जोडाक्षराच्या पोटातली मोकळी जागा भरून गेली, रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळले तर तो फॉन्ट बाद. बारीक वजन चालत नाही आणि अतिठळकही चालत नाही, मध्यम घ्या.

विभागाचं नाव टेबलावरून वाचायला 24 मिमी, म्हणजे 38 पिक्सेलचं अक्षर हवं. मधल्या ओळीत त्याला जागाच नाही. मग ते स्क्रीनवर टाकू नका. भिंतीच्या दोन्ही बाजूंना त्या त्या ओळीच्या उंचीला छापील फलक लावा. जे कधी बदलत नाही त्यावर पिक्सेल कशाला खर्चायचे! क्रम बदललात तर फलकही बदलायचे, एवढं लक्षात ठेवा.

## 7. सांधे

दोन पॅनेलमधला काळा सांधा जुन्या वॉलमध्ये 3.5 मिमीचा असतो, नव्यांमध्ये 1 मिमीच्याही खाली येतो. कंट्रोलरमध्ये बेझल कॉम्पेन्सेशन नावाची सोय असते. ती चालू केली की सांध्यामागे चित्र चालू आहे असं धरून तेवढे पिक्सेल लपवले जातात. नकाशात आणि कॅमेऱ्याच्या चित्रात हे बरोबर आहे, नदीची रेघ मोडत नाही. तक्त्यात मात्र 3.5 मिमीच्या सांध्यामागे पाच-सहा पिक्सेल जातात, म्हणजे आठ पिक्सेलचा एक तालुका जवळजवळ नाहीसा होतो.

तक्ता असेल तर ती बंद ठेवा आणि सांधे जिथे आहेत तिथेच गटांच्या सीमा येतील असं बघा. आपल्या मांडणीत उभे सांधे महिन्यांच्या मधे आणि आडवे विभागांच्या मधे पडतात, ते याचसाठी. सांध्यावर अक्षर, आकडा किंवा अक्षाची रेघ येता कामा नये.

## 8. रंग

सलग बदलत जाणारी छटा वापरू नका. बारा पॅनेलची चमक तंतोतंत सारखी नसते, तिरकं बघितलं की आणखी बदलते. 40 मिमी आणि 48 मिमी पाऊस यांतला फरक त्यात विरतो. हवामान विभागाच्या 24 तासांच्या वर्गांप्रमाणे सहाच पायऱ्या ठेवा:

- 2.5 मिमीपेक्षा कमी
- 2.5 ते 15.5
- 15.6 ते 64.4
- 64.5 ते 115.5
- 115.6 ते 204.4
- त्याहून जास्त

महसूल खात्याचा अतिवृष्टीचा 65 मिमीचा निकषही चौथ्या पायरीच्या सुरुवातीलाच येतो. मात्र तो निकष महसूल मंडळाला (तालुक्याच्या एका भागाला) लागतो आणि भिंतीवर तालुका आहे, ही टीप रंगसूचीखाली लिहाच.

पायऱ्यांमधला फरक उजळपणात ठेवा. पाच मिमीची पट्टी लांबून बघताना रंगछटा आधी हरवते, उजळ-अंधार शेवटपर्यंत टिकतो. गडद पार्श्वभूमीवर पाऊस वाढेल तसा रंग उजळ करत न्या, सांधेही त्या गडदपणात दबतात. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल हे रंग टाळा. ते हवामान विभागाच्या इशाऱ्यांचे आहेत, आणि पडलेला पाऊस लाल दाखवला की कुणीतरी तो उद्याचा रेड अलर्ट समजेल. ‘नोंद नाही’साठी मध्यम करडा वापरा.

एलईडी वॉलवर एक जास्तीची काळजी: रात्री चमक कमी केली की गडद छटा एकमेकींत मिसळतात. पहिल्या दोन पायऱ्या रात्रीच्या चमकेवरच ठरवा.

## 9. बदल आणि नियंत्रण

मेनू वरच्या उजव्या कोपऱ्यात ठेवण्याची सवय मोडा, तो माणसापासून चार मीटर लांब आणि हाताच्या वर असतो. तालुक्यावर बोट किंवा पॉइंटर ठेवला की माहितीची चौकट तिथेच, छातीच्या उंचीला उघडली पाहिजे. कर्सर निदान 100 पिक्सेलचा करा.

नवा आकडा भिंतीच्या दुसऱ्या टोकाला बदलला तर तो कुणाच्याही लक्षात येत नाही. म्हणून लुकलुकणाऱ्या चौकटी लावल्या जातात, आणि थोड्याच दिवसांत लोक त्यांच्याकडे बघणं सोडतात. त्याऐवजी आजच्या दिवसाच्या स्तंभावर तीन पिक्सेलची स्थिर चौकट ठेवा आणि बदललेल्या तालुक्यांची यादी टेबलावरच्या मॉनिटरवर द्या.

## 10. आता कोड

43,676 चौकटी एसव्हीजीमध्ये (ब्राउझर प्रत्येक आकार वेगळा लक्षात ठेवतो ती पद्धत) वेगवेगळे घटक म्हणून काढल्या तर ब्राउझर दमतो. कॅनव्हास किंवा वेबजीएल वापरा, त्यात ब्राउझर थेट पिक्सेल रंगवतो. एका पूर्ण चित्राला सुमारे 10 कोटी बाइट लागतात, तेव्हा बदललेला स्तंभच पुन्हा रंगवा. सगळी मापं पूर्णांक पिक्सेलमध्ये ठेवा. 8.3 पिक्सेलची ओळ काढली की कडा धूसर होतात.

## 11. चाचणी आणि हस्तांतर

खऱ्या भिंतीवर, ज्यांनी हे बनवलेलं नाही अशा माणसांकडून करून घ्या. 6 मीटरच्या टेपवर: सर्वांत मोठा पाऊस कुठल्या महिन्यात, कुठल्या विभागात झाला? 4 मीटरवर: आज कुठल्या बाजूला जोर आहे? 1 मीटरवर: वेंगुर्ल्यात 15 जुलैला कुठल्या वर्गातला पाऊस होता? उत्तर चुकलं तर माणसाला समजावून सांगू नका, मांडणी बदला. एक फेरी दिवसा, एक रात्री करा.

शेवटी एक कागद बनवून कंट्रोलरच्या रॅकवर चिकटवा: पिक्सेलचं माप, सिग्नलचा प्रकार, स्केलिंग बंद, बेझल कॉम्पेन्सेशन बंद, चमक किती, रेघांच्या चाचणीचं चित्र कुठे ठेवलंय. एखादं पॅनेल बदललं की त्याची चमक शेजाऱ्यांशी जुळत नाही आणि कंट्रोलरची सेटिंग पूर्ववत होऊ शकते. त्या दिवशी दुसऱ्या टप्प्यातली रेघांची चाचणी आणि सहा रंगांची पट्टी बाराही पॅनेलवर पुन्हा लावून बघा.